परसातील ऊस ते पाटाखालील ऊस : एका बागाईती पिकाच्या मर्यादांचा इतिहास

सारांश

ऊस हे आज महाराष्ट्रात कालव्याचे आणि कारखान्याचे पीक म्हणून ओळखले जाते. तथापि त्याच्या इतिहासाचा फार मोठा भाग परसबाग, वाडी आणि विहिरीखालील मळा यांच्या आवारात घडलेला आहे. या दीर्घ काळात ऊस थोड्या क्षेत्रापुरता मर्यादित का राहिला आणि ती मर्यादा पुढे कशी व कोणत्या क्रमाने नाहीशी झाली, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. पाणी उपसण्याचा खर्च, गावकीचा निर्णय आणि शासकीय नियम अशा तीन प्रकारच्या मर्यादा उसाभोवती होत्या, आणि त्या सैल झाल्यानंतरच त्याला आजचे स्वरूप आले, असे येथे प्रतिपादन केले आहे.

प्रस्तावना

कार्तिक महिन्यात तुळशीचे लग्न लागते तेव्हा वृंदावनाभोवती उसाचा मांडव घालण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आहे. काही घरांत हा ऊस नवरीचा मामा म्हणून पाठीशी उभा केला जातो. पुढे संक्रांतीच्या सुगडात बोरे, हरभरा, गाजर यांच्याबरोबर उसाची करवे पडतात. या दोन्ही प्रसंगी लागणारा ऊस हा दोनचार कांड्यांचा किंवा पाचसहा उसांचा असतो. तो टनाने मोजला जात नाही. घराच्या मागील दारी, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या एखाद्या बेटातून तो काढून आणावा, अशीच या आचाराची मूळ कल्पना दिसते.

याउलट आजच्या सार्वजनिक चर्चेत ऊस हा शब्द उच्चारताच साखर कारखाना, कालव्याचे आवर्तन, तोडणीच्या टोळ्या, उताऱ्याची टक्केवारी आणि सहकाराचे राजकारण डोळ्यांसमोर येते. महाराष्ट्राच्या ऊसशेतीचा इतिहासही बहुधा कालव्यापासून किंवा पहिल्या सहकारी कारखान्यापासून सुरू केला जातो. त्यामुळे त्यापूर्वीच्या दोन सहस्रकांहून अधिक काळातील ऊस हा केवळ पार्श्वभूमी म्हणून दोन ओळींत संपतो. धार्मिक आचारातील पाच ऊस आणि गव्हाणीत पडणारा हजारो टन ऊस यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्याचा इतिहास मात्र क्वचितच पाहिला जातो. तो पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

उद्दिष्टे

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१. ऊस हे मुळात परसबागेतील पीक होते, हे वनस्पतीचा इतिहास आणि प्राचीन ग्रंथ यांच्या आधारे स्पष्ट करणे.
२. दख्खनच्या मळ्यात, खानदेशच्या फडात आणि वसईच्या वाडीत उसाचे क्षेत्र कोणत्या कारणांनी मर्यादित राहिले, याचा विचार करणे.
३. कालवे, नव्या जाती आणि कारखाने यांमुळे ही मर्यादा कशी ओलांडली गेली व तिचा भार कोणावर पडला, हे पाहणे.

१. उसाचे मूळ घर

आज जगभर पिकणाऱ्या जाड, रसाळ उसाचे मूळ न्यू गिनी बेटावर असल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. तेथील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी तो माणसाळवला, तो साखरेसाठी नव्हे, तर चावून खाण्यासाठी. झोपडीलगतच्या बागेत रताळी, केळी आणि अळूसारख्या कंदांच्या शेजारी उसाची बेटे लावली जात आणि आजही लावली जातात. १९२८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने ई. डब्ल्यू. ब्रँडेस यांच्या नेतृत्वाखाली उसाच्या जाती गोळा करण्यासाठी न्यू गिनीला मोहीम पाठवली. नद्यांच्या पात्रात उतरू शकणारे विमान या मोहिमेत वापरले गेले. नव्या जातींच्या शोधात निघालेल्या या शास्त्रज्ञांना हवे ते बेणे मिळाले ते स्थानिक रहिवाशांच्या बागांतून.

उसाची लागवड बियाण्याने होत नाही, कांडीने होते, ही गोष्ट या संदर्भात महत्त्वाची आहे. कांडीवरील डोळा जमिनीत पडला की मूळ उसाची हुबेहूब प्रत तयार होते. ज्या घराला एखादा ऊस गोड किंवा मऊ वाटला, त्या घराने त्याचीच कांडी पुन्हा लावायची आणि शेजाऱ्याला द्यायची, एवढ्यावर जातींची निवड होत गेली. या निवडीमागील कसोटी दाताची होती. साल सहज सुटावी, कांडे लांब असावे, चोयटी कमी व रस भरपूर असावा, एवढेच पाहिले जाई. पुढे डच शास्त्रज्ञांनी या देखण्या, रंगीत, जाड उसांना ‘उमदे ऊस’ अशा अर्थाचे नाव दिले.

हा ऊस पश्चिमेकडे सरकत भारतात आला. येथे नदीकाठी आपोआप वाढणारा त्याचा रानटी भाऊबंद, म्हणजे कास, पूर्वीपासूनच होता. दोहोंच्या नैसर्गिक संकरातून उत्तर भारतातील बारीक, कठीण परंतु काटक उसांचे कुळ निर्माण झाले असावे, असे मानले जाते. रस आटवून त्यापासून गूळ, खांड आणि शर्करा बनवण्याची विद्या भारतातच वाढीस लागली. बागेतील खाऊ असलेला ऊस येथे प्रथमच साठवता येणाऱ्या व विकता येणाऱ्या मालात रूपांतरित झाला. उसाच्या इतिहासातील पहिले मोठे वळण ते हेच होय.

२. प्राचीन व मध्ययुगीन ग्रंथांतील दोन ऊस

अथर्ववेदातील एका सूक्तात प्रिय व्यक्तीने आपल्यापासून दुरावू नये म्हणून तिच्याभोवती उसाचा वेढा घालण्याची कल्पना आली आहे. काव्यार्थ बाजूला ठेवला तरी माणसाच्या भोवती उभा असलेला ऊस ही प्रतिमा घराजवळच्या लागवडीशी सुसंगत आहे. अमरकोशात उसाचे पुंड्र आणि कांतार असे भेद नोंदवले आहेत. यांपैकी पुंड्र हा शब्द पुढे हिंदीतील ‘पौंडा’ आणि मराठीतील ‘पुंड्या’ या रूपांत टिकून राहिला.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत एक सूक्ष्म भेद केलेला आढळतो. दाताने चावून घेतलेला उसाचा रस शीत व पोषक असतो, तर यंत्रात पिळलेला रस दाह उत्पन्न करतो, असे चरकसंहितेत सांगितले आहे. सालीसकट, मुळासकट व शेंड्यासकट पिळलेल्या आणि काही काळ राहिलेल्या रसाविषयीचा हा अनुभव असावा. इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की, खाण्याचा ऊस आणि पिळण्याचा ऊस या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ही जाणीव त्या काळीच स्पष्ट झालेली होती.

कौटिलीय अर्थशास्त्रातील मत तर अधिकच बोलके आहे. शेतीच्या अध्यक्षाने कोणती पिके घ्यावीत, याचा विचार करताना कौटिल्य भात इत्यादी धान्यांना पहिला क्रम देतो, भाजीपाल्याच्या वर्गाला मधला आणि उसाला शेवटचा. कारण म्हणून तो दोन गोष्टी सांगतो. उसाला उपद्रव फार आणि खर्च फार. हे मत उसाच्या गोडीविषयी किंवा उपयुक्ततेविषयी नाही. ते राज्याच्या जमाखर्चाविषयी आहे. उसावर घातलेले पाणी, श्रम आणि राखण यांचा हिशेब करूनच त्याला खालचे स्थान दिले गेले आहे. या निबंधाच्या उत्तरार्धात हाच हिशेब पुन्हा मांडावा लागणार आहे.

मुघलकालीन ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फजलने मऊ आणि कठीण अशा दोन प्रकारच्या उसांचे वर्णन केले आहे. मऊ ऊस इतका कोवळा असतो की चिमणीने चोच मारली तरी रस वाहू लागावा आणि हातातून पडला तर तो मोडावा, असे तो लिहितो. साखर व गूळ मात्र कठीण उसापासून होत असे. सरकारी सारा पौंड्यावर साध्या उसापेक्षा अधिक दराने आकारला जाई. म्हणजे खाण्याचा ऊस हे शहराजवळच्या बागाईतदाराचे मौल्यवान पीक होते आणि राज्ययंत्रणाही त्याकडे त्याच दृष्टीने पाहत होती.

३. दख्खनचा मळा आणि खानदेशचा फड

मराठी मुलखात शेतजमिनीची विभागणी जिराईत आणि बागाईत अशी होती. बागाइतीचे पुन्हा दोन प्रकार होते. ओढ्या-नदीवर बंधारा घालून काढलेल्या पाटाचे पाणी मिळणारे ते पाटस्थळ आणि विहिरीच्या मोटेवर भिजणारे ते मोटस्थळ. ऊस या दोहोंत होत असे. परंतु कोरडवाहू पठारी प्रदेशातील बहुसंख्य गावांत तो मोटेवरच अवलंबून होता.

मोटेचे अर्थशास्त्र समजून घेतल्याशिवाय जुन्या उसाचे क्षेत्र एवढे लहान का, हे कळत नाही. मोट ओढण्यास बैलांची एक किंवा दोन जोड्या लागत. बैल धावेवरून खाली गेले की भरलेली मोट वर येई, थारोळ्यात रिती होई आणि पाटाने पाणी सरीत जाई. एक माणूस बैलांमागे आणि दुसरा दारे धरण्यास उभा असे. ऊस किमान वर्षभर आणि आडसाली असल्यास सुमारे दीड वर्ष जमिनीत उभा राहतो. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खोल जाते, नेमकी तेव्हाच त्याची तहान वाढलेली असते. त्यामुळे पाण्याचा प्रत्येक घोट बैलांच्या आणि माणसांच्या श्रमाने मोजला जाई. शेतकरी ऊस किती लावावा हे पावसाळ्यात भरलेल्या विहिरीकडे पाहून ठरवीत नसे. चैत्र-वैशाखातील झऱ्याकडे आणि गोठ्यातील बैलांकडे पाहून ठरवीत असे.

खताचीही तीच स्थिती होती. उसाच्या रानात शेणखताच्या गाड्या ओतल्या जात, मेंढरे बसवली जात, ऐपत असल्यास पेंड घातली जाई. एवढे खत एखाद्या छोट्या तुकड्यालाच पुरे. शिवाय कोल्हे, रानडुकरे आणि उंदीर यांपासून राखण करावी लागे. बांधावर एरंड, शेवरी किंवा मका लावून आडोसा केला जाई. त्याच रानात पुढच्या हंगामात हळद, केळी किंवा भाजीपाला घेऊन फेरपालट होई. उसामागून लगेच ऊस लावणे हे चांगल्या मळेकऱ्याचे लक्षण समजले जात नसे. म्हणजे मळ्यातील ऊस हा एकटा कधीच नव्हता. तो इतर पिकांच्या सोबतीने व त्यांच्या पाळीने येत असे.

ऊस तयार झाल्यावर गुऱ्हाळ लागे. बैलांनी फिरणारा लाकडी चरक, रस गोळा करण्याचे मांदण, चुलवाणावरील काहील आणि पाकाची पारख असलेला गुळव्या असा तो पसारा असे. वाळलेली चिपाडे हेच जळण. चरक सुताराने घडवायचा, मोट चामड्याचे काम करणाऱ्याने शिवायची, नाडा दोर वळणाऱ्याने द्यायचा. त्यामुळे गुऱ्हाळात बलुतेदारांचा वाटा ओघानेच आला. गुऱ्हाळावर आलेल्या वाटसरूला रस व गरम गूळ दिल्याशिवाय पाठवू नये, असा रिवाज होता. या पद्धतीत विषमता नव्हती असे मुळीच नाही. विहीर, बैल आणि खत ज्याच्याजवळ, त्याचाच मळा. मोटेवर राबणाऱ्या गड्याच्या वाट्याला गुळाचा खडाच येई. तथापि ज्याच्या रानात ऊस, त्याच्याच अंगणात त्याचा सगळा खर्च, हे सूत्र मात्र पक्के होते.

खानदेश व नाशिकच्या काही भागांत, विशेषतः पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांच्या खोऱ्यांत, वेगळी व्यवस्था होती. नदीवर बंधारा, त्यापासून पाट आणि पाटाखाली गावाच्या जमिनीचे ‘फड’. एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यावे व ते दरवर्षी पाळीने बदलावे, असा नियम असे. उसाचा फड ठरला की तेवढाच ऊस. पाणी फुकट वाहत येत असले तरी एका माणसाला आपल्या मर्जीने ऊस वाढवता येत नव्हता. मोटेखालील उसाला श्रमाच्या खर्चाने आवर घातला, तर फडातील उसाला गावकीच्या निर्णयाने.

४. वसईची वाडी

मळा गावाबाहेर असतो. घर आणि बाग एकाच आवारात नांदताना पाहावयाची असतील, तर उत्तर कोकणातील वसईच्या वाड्यांकडे वळले पाहिजे. गोड्या पाण्याच्या उथळ विहिरी, रहाट, नारळ-सुपारी, केळी, पानवेली आणि त्यांच्यामध्ये ऊस असे या वाड्यांचे जुने स्वरूप होते. येथील कुटुंब वाडीतच राहत असल्याने उसाची निगा हा घरकामाचाच एक भाग होता. इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी १६९५ मध्ये वसई परिसरात आला, तेव्हा मैलोगणती पसरलेल्या बागा, त्यांतील फळझाडे व मुबलक ऊस पाहून तो प्रभावित झाला. ख्रिस्ती, मुसलमान व हिंदू असे सर्व धर्मांचे शेतकरी या बागा कसत होते आणि पाणी उपसण्याच्या साधनांनी त्या सदैव हिरव्या ठेवल्या जात, असे त्याने नमूद केले आहे. १७३९ मध्ये वसईचा किल्ला मराठ्यांकडे आला. सत्ता बदलली तरी वाड्यांची ही शेती चालू राहिली.

इंग्रजी अमदानीच्या आरंभी, १८३० च्या सुमारास, लिंगार्ड नावाच्या गृहस्थाने सरकारकडून जमीन घेऊन वसईत मॉरिशसचा ऊस मोठ्या प्रमाणावर लावण्याचा प्रयत्न केला. परंतु लवकरच त्याचा मृत्यू झाला आणि ती मोठी योजना मागे पडली. वाडी मात्र टिकली. पुढे मुंबईच्या बाजारपेठेच्या ओढीने तिने केळी, भाजीपाला आणि फुले यांना अधिक जागा दिली. वाडीतील ऊस हा बाजार पाहून कमी-अधिक करता येत होता, कारण तो अनेक पिकांपैकी एक होता. एकाच पिकावर सर्वस्व अवलंबून नसल्याने वाडी बदलत्या परिस्थितीतही टिकून राहिली, ही बाब पुढील घडामोडींच्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

५. पाटबंधारे आणि मर्यादेचे उल्लंघन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनमध्ये मोठे कालवे निघाले. मुठा नदीवरील खडकवासला धरण १८७९ मध्ये पुरे झाले. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. विसाव्या शतकात गोदावरी व प्रवरा कालवे आले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये, तर भाटघरचे नवे धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर कालव्यांकडे मुख्यतः दुष्काळनिवारणाचे साधन म्हणून पाहिले जात होते. ज्वारी-बाजरीला पाणी मिळावे आणि गावे जगावीत, ही त्यामागील भूमिका होती.

प्रत्यक्षात घडले ते निराळेच. बऱ्या पावसाच्या वर्षी काळ्या जमिनीतील ज्वारीला कालव्याच्या पाण्याची गरज भासत नसे आणि त्यासाठी पट्टी भरण्यास शेतकरी तयार नसे. ज्या वर्षी पाऊस नाही त्या वर्षी सर्वांनाच पाणी हवे होई. कालव्याचा खर्च भरून निघण्यासाठी सरकारला बारमाही गिऱ्हाईक हवे होते. असे गिऱ्हाईक उसाच्या रूपाने मिळाले. पुणे जिल्ह्यातील सासवडचे माळी हे पिढ्यान्‌पिढ्या विहिरीवरील बागाइतीत मुरलेले शेतकरी होते. ते कालव्याखालील जमिनी खंडाने घेऊन ऊस लावू लागले. यांच्यापैकीच काहींच्या उद्योगातून १९३० च्या दशकात माळशिरस तालुक्यात माळीनगरचा साखर कारखाना उभा राहिला. मळ्यातील कौशल्य पाटाखाली आले. मळ्याची मर्यादा मात्र मागेच राहिली.

तिचे परिणाम लवकरच दिसू लागले. मोटेचे पाणी कोणीही वाया घालवीत नसे, कारण ते स्वतः उपसावे लागे. कालव्याचे पाणी क्षेत्रावर आकारले जात असल्याने जास्त पाणी देण्यास काहीच रोख नव्हता. नीरा खोऱ्यात जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या. हॅरोल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० मध्ये या खारवट जमिनींवर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे कालवा वाहू लागल्यापासून अवघ्या पंचवीस वर्षांत जमीन नापीक होण्याचा प्रश्न सरकारी अभ्यासाचा विषय बनला होता.

या प्रश्नावर एक महत्त्वाचा उपाय मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुण्यात कार्यकारी अभियंता असताना सुचवला. तो ‘ब्लॉक पद्धत’ या नावाने ओळखला जातो. ठरावीक क्षेत्राचा गट करावा, त्यातील एका हिश्श्यातच ऊस घ्यावा, उरलेल्या हिश्श्यात कमी पाण्याची पिके घ्यावीत आणि दरवर्षी उसाची जागा पाळीने बदलावी, असे तिचे सार होते. पाणी अधिक गावांत व अधिक शेतकऱ्यांत पसरावे, हा हेतू त्यात होता. बारकाईने पाहिल्यास ही पद्धत म्हणजे मळ्यातील फेरपालट आणि खानदेशी फडाची पाळी यांचेच शासकीय रूप होय. जी मर्यादा पूर्वी श्रमाने व गावकीने घातली होती, ती आता नियमाने घालण्याचा हा प्रयत्न होता. पुढील काळात उसाची बाजारातील ओढ या नियमापेक्षा प्रबळ ठरली. कालव्याच्या पाझरावर भरलेल्या विहिरी, नदीवरील उपसा आणि नंतर विजेचे पंप यांमुळे ब्लॉकच्या बाहेरही ऊस पसरत गेला.

६. जातींचा पालट

क्षेत्राबरोबर ऊसही बदलला. दख्खनच्या मळ्यात दीर्घकाळ पुंड्या हीच प्रमुख जात होती. ती जाड, मऊ, गोड, खाण्यास उत्तम आणि गुळासही चांगली. परंतु तिचे लाड फार करावे लागत. भरपूर खत, वेळेवर पाणी आणि सततची राखण मिळाली तरच ती साथ देई. दोनचार गुंठ्यांच्या मळ्यात हे शक्य होते. शेकडो एकरांच्या लागवडीत नव्हते.

१९१२ मध्ये कोइमतूर येथे ऊस पैदास केंद्र सुरू झाले. सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी तेथे उमद्या उसाचा रानटी कासाशी संकर घडवून आणला. त्यातून निघालेली को २०५ ही जात १९१८ मध्ये उत्तर भारतासाठी प्रसृत झाली. जावा बेटावरही याच धर्तीवर काम होऊन पीओजे २८७८ ही प्रसिद्ध जात तयार झाली होती. महाराष्ट्रात ईके २८ आणि पीओजे २८७८ यांनी प्रथम पुंड्याची जागा घेतली आणि त्यानंतर को ४१९ सर्वदूर पसरली. १९३२ मध्ये पाडेगाव येथे स्थापन झालेल्या संशोधन केंद्राने पुढे या प्रदेशाला मानवणाऱ्या अनेक जाती दिल्या. को ७४०, को ८६०३२ ही नावे शेतकऱ्यांच्या तोंडी बसली आहेत.

या बदलाचा लाभ निर्विवाद आहे. रोगांना तोंड देणारा, वाऱ्यात न लोळणारा, अधिक वजनाचा ऊस मिळाला. तथापि निवडीची कसोटी बदलली हेही तितकेच खरे. न्यू गिनीच्या बागेपासून पुंड्याच्या मळ्यापर्यंत ज्या कसोटीवर ऊस निवडला गेला, ती दाताची कसोटी होती. आता काट्यावरील वजन आणि रसातील साखरेचा उतारा या कसोट्या आल्या. जातींची पुंड्यासारखी घरगुती नावे जाऊन त्यांच्या जागी आकडे आले. चरकाच्या ग्रंथातील चावण्याचा ऊस आणि यंत्राचा ऊस या भेदांपैकी दुसऱ्यानेच शिवार व्यापले.

७. कारखाना आणि हिशेबाची वही

१९३२ मध्ये भारतीय साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि दख्खनच्या कालव्यांवर खाजगी कारखाने वाढले. स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून प्रवरेकाठी लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. सावकार व व्यापारी यांच्या कचाट्यातून ऊस उत्पादकाची सुटका करणारी ही घटना होती. कारखान्याबरोबर रस्ते, शाळा, महाविद्यालये, दवाखाने ग्रामीण भागात आले. हे श्रेय कोणत्याही टीकेने पुसले जाणार नाही.

परंतु कारखान्याचे स्वतःचे तर्कशास्त्र असते. चरक बंद ठेवता येतो, कारखाना अर्ध्या क्षमतेवर परवडत नाही. त्याला दरवर्षी ठरावीक ऊस हवाच. म्हणून पूर्वी उसाचे क्षेत्र पाण्यावरून ठरत होते, ते आता गाळपक्षमतेवरून ठरू लागले. मळ्यातील गुऱ्हाळावर घरची व शेजारची माणसे ऊस तोडीत. आता बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतील कुटुंबे सहा-सहा महिने घर सोडून कोयता घेऊन येतात. ज्या प्रदेशाला पाणी मिळाले नाही, त्याच प्रदेशाचे श्रम पाणी मिळालेल्या प्रदेशातील उसाला लागतात, हा योगायोग नाही. पुढे मराठवाड्यासारख्या तुटीच्या भागातही कारखाने निघाले. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी पुरवावे लागले. ज्या जिल्ह्यात उसाने मोठे क्षेत्र व्यापले होते, त्याच जिल्ह्यात पिण्यासाठी दुसऱ्या खोऱ्यातून पाणी आणावे लागावे, ही घटना कौटिल्याच्या ‘खर्च फार’ या शब्दांचे आधुनिक भाष्यच म्हणावी लागेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

पहिला, ऊस हे मुळात परसबागेतील खाण्याचे पीक होय. कांडीने होणारी लागवड, दाताच्या कसोटीवर झालेली निवड आणि खाण्याचा व पिळण्याचा ऊस यांत ग्रंथांनी केलेला भेद ही त्याची गमके आहेत.

दुसरा, उसाचे क्षेत्र दीर्घकाळ लहान राहिले ते मागणी नव्हती म्हणून नव्हे. मोटेवर श्रमाच्या खर्चाने, फडात गावकीच्या पाळीने आणि ब्लॉकमध्ये शासकीय नियमाने त्याला आवर घातला होता. या तिन्ही मर्यादा वेगवेगळ्या असल्या तरी त्यांचा गाभा एकच होता. एका पिकाने किती पाणी घ्यावे, याचा निर्णय त्या पिकाच्या हाती नसावा.

तिसरा, उसाचा खर्च कालव्यामुळे कमी झाला नाही. तो केवळ एका वहीतून दुसऱ्या वहीत गेला. मोटेच्या काळात तो शेतकऱ्याच्या गोठ्यात व अंगणात दिसत होता. कालव्याच्या काळात तो खारवट जमिनीत, कोरड्या शेवटच्या टोकाच्या शेतात आणि तोडणी कामगाराच्या बंद घरात जाऊन पडला. कौटिल्याचा हिशेब चुकलेला नाही, तो ज्याने करायचा तो बदलला आहे.

समारोप

प्रस्तुत निबंधाचा हेतू मोटेचा काळ परत यावा असे सुचवण्याचा नाही. बैलांच्या मानेवरील आणि गड्याच्या खांद्यावरील ते ओझे उतरले, हे इष्टच झाले. परंतु मोटेने शिकवलेला हिशेब टाकून देण्याचे कारण नव्हते. ठिबक सिंचन, पाणी मोजून देणे, खोऱ्यानुसार पीकरचना या आजच्या उपायांचे यश शेवटी त्याच जुन्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. उसाला लागणाऱ्या पाण्याची किंमत कोण मोजतो ?

घराच्या मागील दारी न्हाणीच्या पाण्यावर वाढणारे उसाचे बेट आजही कोकणात व देशावर क्वचित दृष्टीस पडते. तुळशीच्या लग्नाला त्यातील पाच ऊस निघतात, उरलेले मुले खातात, आणि शेंड्याकडील कांड्या पुन्हा मातीत पुरल्या जातात. वापरून झालेले पाणी, घरचे खत आणि घरची माणसे एवढ्यावर त्याचे भागते. त्याच्या वाट्याला जेवढे पाणी येते, तेवढाच तो वाढतो. महाराष्ट्रातील उसाच्या पुढील इतिहासाने या बेटाकडून घेण्यासारखा धडा एवढाच आहे.